काना कुणाचा

गंधे मास्तरांची इतिहासकार म्हणून जी काही कारकीर्द झाली, ती दगडावरच्या एका उभ्या रेघेवर उभी राहिली आणि त्याच रेघेवरून घसरली. रेघ बोटाच्या पेराएवढी. आमच्या नगरात याहून लहान गोष्टींवर माणसं मोठी झालेली आहेत. कुणी कलेक्टरच्या शेजारी बसून काढलेल्या फोटोवर झालं, कुणी तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊन परत आल्यावर झालं. मास्तरांचं वेगळेपण एवढंच, की आपण कशावर उभे आहोत ते त्यांनी वाकून पाहिलं. मोठ्या माणसांनी हे करायचं नसतं.

ते आम्हाला हायस्कुलात इतिहास शिकवत. उंच, हाडकुळे, काळी टोपी, कोटाच्या डाव्या खिशात भिंग आणि उजव्या खिशात सुपारीची डबी. दगड दिसला की डावा हात खिशात जायचा आणि माणूस दिसला की उजवा. कधीकधी हात चुकायचा. शाळा तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांपुढे एकदा सुपारीऐवजी भिंग निघालं. मास्तर गडबडले नाहीत. भिंग निघालंच आहे तर म्हणून त्यांनी साहेबांच्या कोटाचं बटण वाचलं आणि म्हणाले, "अक्षर झिजलंय." साहेबांच्या शेऱ्यात मास्तरांच्या शिकवण्याबद्दल फार काही चांगलं आलं नाही.

आडनाव गंधे. पहिल्या अक्षरावरचं टिंब पुसलं की काय उरतं हे कळायला हायस्कुलात जावं लागत नाही, पण आम्ही हायस्कुलात होतो. दर वर्षी नवा वर्ग आला की फळ्यावर टिंबाशिवाय मास्तरांचं नाव आणि खाली लांब कानांचं चित्र निघायचं. मास्तर वर्गात शिरायचे, चित्र नीट निरखायचे आणि विचारायचे, "गाढव बरं जमलंय. अनुस्वार कुठाय?" कुणीतरी उठून टिंब द्यायचं. टिंब दिल्यावरच तास सुरू व्हायचा. गाढव तासभर फळ्यावर राहायचं. त्याबद्दल त्यांची तक्रार नसे, ती शुद्धलेखनाबद्दल असे.

दुसरी त्यांची खोड म्हणजे "पुरावा?" हा शब्द. तो ते नमस्कारासारखा वापरायचे. कुणी म्हणालं, यंदा थंडी फार आहे, की पुरावा. कुणी म्हणालं, फलाण्याचा मुलगा हुशार आहे, की पुरावा. घरात काकू हाक मारायच्या, "अहो, उठा आता, भात झालाय."

"पुरावा?"

"करपल्याचा वास."

काकूंपुढे मास्तरांचं चालायचं नाही, कारण त्या पुरावा तयार ठेवूनच बोलायच्या.

माझं शिक्षण क्रमिक पुस्तकांपेक्षा पत्रकांवर झालेलं. बेचाळीसच्या गडबडीत आम्ही काही पोरं हातानं चालवायच्या यंत्रावर पत्रकं काढायचो आणि रात्रीची भिंतींना चिकटवायचो. एक पत्रक मी मोठ्या अभिमानानं मास्तरांना दिलं. त्यांनी भिंग काढलं. "हजारो वर्षांची गुलामगिरी, असं लिहिलंयस. हजारो म्हणजे किती? कुठल्या शतकापासून धरतोस?" मी म्हणालो, मास्तर, देश पेटलाय. ते म्हणाले, "पेटू दे. पण शतक सांग." त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव 'पत्रके' ठेवलं आणि मी मनातल्या मनात त्यांच्या नावावरचं टिंब काढून टाकलं.

मास्तरांचा विषय मध्ययुगीन समाज. राजे आणि लढाया त्यांना आवडत नसत. "राजा काय खात होता ते सगळे लिहितात. त्याचं खरकटं कोण काढत होतं ते सांगा," असं म्हणायचे. हे ऐकून मला वाटायचं, माणूस आपला आहे. पण खरकटं काढणारा सातशे वर्षांपूर्वीचा असला तरच मास्तर त्याच्यासाठी भिंग काढत. आजचा असला तर त्यांना सुपारी आठवायची.

आता ती रेघ.

कर्जतच्या रस्त्यावर एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथले पाटील अजून हयात आहेत आणि त्यांच्या गड्यांच्या काठ्याही. गावात एक जुनी बारव आहे, म्हणजे पायऱ्यांनी उतरून जायची दगडी विहीर. बारवेच्या तोंडाशी कमरेएवढा उभा दगड. वर चंद्र-सूर्य कोरलेले, मधे अक्षरं, आणि खालचा भाग मातीत गेलेला. अर्थात ही माहिती मागाहूनची. पाहणाऱ्याला दिसायचा तो फक्त शेंदूर. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर चढून दगडाचा गोल गरगरीत बारवोबा झाला होता. पाटलांच्या आई दर सोमवारी त्याला दुधानं न्हाऊ घालत.

फार वर्षांपूर्वी, शेंदूर जरा पातळ असताना, कुणीतरी त्या दगडावर कागद दाबून ठसा घेतला होता. तो नगरच्या एका संशोधन मंडळाच्या कपाटातून मास्तरांच्या हाती आला. ठशात एकच ओळ धड उठली होती. तिच्यात 'पाणी' हा शब्द स्पष्ट होता. पुढे 'सकाळ'. त्यापुढे एक डाग. डागाकडे दोन महिने पाहून मास्तरांनी तो 'लोक' असा वाचला.

पाणी, सकाळ, लोक. एवढ्या तीन दाण्यांवर मास्तरांनी तीनशे पानांचं पीक घेतलं. सिद्धान्त असा, की मध्ययुगात आमच्या भागात पाण्याचा हक्क प्रहरांवर वाटलेला होता. सकाळचं पाणी ज्यांचं ते 'सकाळलोक', म्हणजे वतनदार, मानकरी, प्रतिष्ठित. आणि ज्या अर्थी सकाळलोक होते त्या अर्थी दुपारलोकही असलेच पाहिजेत. त्यांचा कुठं उल्लेख नाही. पण, मास्तरांनी लिहिलं, उल्लेख नसणं हाच त्यांच्या खालच्या दर्जाचा पुरावा. वर्गात असलं उत्तर मी लिहिलं असतं तर त्यांनी शून्य दिलं असतं.

सिद्धान्त फार गाजला. गाजणारच, कारण वाचणारे सगळे सकाळलोक होते. मंडळाचे अध्यक्ष रावसाहेब वकिली करायचे. ही रावसाहेबी सरकारनं दिलेली. स्वराज्य दाराशी आलं तरी ती त्यांनी परत केली नव्हती, फक्त खादीच्या कोटात घातली होती. मंडळाच्या खर्चानं पुस्तक छापायचं त्यांनीच ठरवलं. पुण्याच्या एका कॉलेजात इतिहासाच्या प्राध्यापकाची जागा होणार होती आणि निवड करणाऱ्यांत रावसाहेबांचा शब्द चालत होता. पुस्तक बाहेर आलं की गंधे मास्तरांचे प्रोफेसर गंधे व्हायचे. वीस वर्षं आठवीच्या पोरांना शहाजहानची मुलं पाठ करायला लावलेल्या माणसाला हे केवढं होतं, ते मी सांगायला नको. काकूंनी तर पुण्यात पाण्याचा नळ घरातच असतो अशी बातमी शेजारी देऊन ठेवली होती.

इकडे त्या गावात सिद्धान्ताला फळ धरलं. बारवेवर सकाळी फक्त पाटलांच्या भावकीनं आणि वरच्या आळीनं पाणी भरायचं, महारवाड्यानं दुपार टळल्यावर यायचं, तेही पायऱ्या न उतरता, कुणी वाढील ते घ्यायचं, ही रीत जुनीच. महारवाड्यातली काही घरं मिशनमध्ये जाऊन ख्रिस्ती झाली होती. देव बदलला, रांग बदलली नाही. उन्हाळ्यात दुपारपर्यंत बारवेत चिखल उरायचा. महारवाड्यानं मामलेदाराकडे अर्ज केला, तेव्हा पाटलांनी रावसाहेबांमार्फत मास्तरांच्या पुस्तकाची छापून झालेली पानं पुढं केली. मामलेदार सुशिक्षित होते. ते म्हणाले, "सातशे वर्षांचा इतिहास आहे, मी काय करणार?"

मी तिरीमिरीत मास्तरांच्या घरी गेलो. "तुमच्या पुस्तकामुळं बायका दुपारपर्यंत रिकाम्या घागरी घेऊन बसतात."

मास्तर शांतपणे म्हणाले, "मी यादवकाळाबद्दल लिहिलंय, पत्रके. या बायका माझ्या कालखंडाच्या बाहेर आहेत."

त्यांच्या त्या वाक्यावर मी अख्खं पत्रक काढणार होतो. मथळाही ठरला होता. पण मधेच बारवोबानं खोळ टाकली.

शेंदराचे थर फार चढले की कधीतरी आपल्याच भारानं सुटतात आणि अख्खं कवच गळून पडतं. त्याला खोळ टाकणं म्हणतात. गावात हा मोठा शकुन. आबा पाटलांनी वाजंत्री सांगितली, पुरणाचा बेत केला आणि मास्तरांना सांगावा धाडला, की देवाच्या अंगावरची सगळी अक्षरं उघडी झालीत, येऊन गावापुढं वाचून दाखवा. मास्तरांना आनंद झाला. उरलेल्या ओळींत दुपारलोक सापडतील अशी त्यांना खात्री होती. मला म्हणाले, "चल. पत्रकासाठी तरी एकदा मूळ साधन बघ."

युद्ध संपलं तरी आमच्याकडची सर्व्हिस मोटार अजून कोळशाच्या गॅसवर चालत होती आणि चढ आला की उतारू उतरून चालत होते. फाट्यावर पोचलो तो तिसरा प्रहर. बारवेभोवती गाव जमलेलं. महारवाड्यातल्या बायका लांब लिंबाखाली घागरी घेऊन बसल्या होत्या. त्या देवासाठी नव्हे, पाण्यासाठी आल्या होत्या. त्यांची वेळच ती.

मास्तर दगडापुढं मांडी घालून बसले. तळची माती उकरायला लावली. माती निघाली तसं खाली कोरलेलं चित्र दिसू लागलं: एक बाई आणि एक गाढव. काय चाललंय ते मी इथं लिहीत नाही. छापखान्याचा मालक सोवळ्यातला आहे. पाटलांच्या आईंनी पदर तोंडाला लावला. एवढी वर्षं त्यांनी दुधानं न्हाऊ घातलेला देव हा असा निघाला.

मास्तरांचं चित्राकडे लक्षच नव्हतं. ते अक्षरांवरून भिंग फिरवत खाली उतरत होते. शेवटच्या ओळीपाशी थांबले, परत वर गेले, परत खाली आले. मग त्यांनी सुपारीची डबी काढली, उघडली आणि न खाता मिटली.

"वाचा की मास्तर मोठ्यानं," आबा पाटील म्हणाले. "गाव थांबलंय."

"पाटील, हा देव नव्हे."

"मंग काय हाय?"

"शापाचा दगड आहे. दान दिलेलं कुणी मोडू नये म्हणून शिवी घालून ठेवलीय."

"कुनाला?"

"जो पाणी अडवील त्याला."

"आन् शिवी काय हाय?"

मास्तरांनी भोवती बायका आहेत हे पाहिलं आणि पाटलांच्या कानात सांगितली. आबा पाटलांचा चेहरा शेंदराच्या रंगाचा झाला.

"माझ्या आयला?"

"अडवणाऱ्याच्या," मास्तर म्हणाले. इतक्या काटेकोरपणाची त्या वेळी गरज नव्हती.

पण मास्तर ज्यानं थांबले होते ते शिवीचं अश्लीलपण नव्हतं, तिचं शुद्धलेखन होतं. परतताना मोटारीत त्यांनी मला हातावर बोटानं काढून दाखवलं. दगड कोरणारे जुने कारागीर मात्रा अक्षराच्या डोक्यावर देत नसत, अक्षराच्या आधी उभी रेघ ओढत. शिवीतल्या आईचा शब्द 'माये' असा होता, आणि त्यात 'ये'ची मात्रा अशीच 'य'च्या आधी उभी होती. म्हणजे या दगडावर दोन अक्षरांमधली रेघ मागच्याचा काना असेलच असं नाही. ती पुढच्याची मात्राही असू शकते. 'सकाळ'मधली रेघ 'क' आणि 'ळ' यांच्या मधे होती. ती 'क'चा काना धरली तर सकाळ. 'ळ'ची मात्रा धरली तर सकळे. सकळ, सगळे. आणि खाली स्वच्छ लिहिलं होतं, की हे पाणी कुणालाही जो मना करील त्याला ही शिवी.

"पाणी सगळ्या लोकांनी भरावं," मास्तर म्हणाले. "एवढंच आहे. डाग मी बरोबर वाचला होता. अक्षर चुकलं."

"म्हणजे सकाळलोक?"

"नव्हतेच."

"आणि दुपारलोक?"

मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ते आहेत. लिंबाखाली बसलेत."

हे त्या दगडावरून दुसरं कुणी वाचू शकलं नसतं. आमच्या जिल्ह्यात ती लिपी जाणणारा हा एकच माणूस. रेघ कुणाची हे ठरवणं सर्वस्वी त्याच्या हातात होतं आणि एका बाजूला पुण्याचा नळ वाहत होता. मला त्यांच्या स्वभावाची खात्री होती, पण स्वभावाची खात्री म्हणजे पुरावा नव्हे.

दुसऱ्याच दिवशी ते रावसाहेबांकडे गेले. मला बरोबर नेलं, बहुधा साक्षीदार म्हणून. रावसाहेबांनी सगळं ऐकलं आणि वकिली सहानुभूतीनं मान हलवली.

"अहो गंधे, एका कान्यासाठी एवढं? शुद्धिपत्र टाकू शेवटी. बारीक टाइपात."

"शुद्धिपत्रात अख्खं पुस्तक घालावं लागेल, रावसाहेब."

"मग दुसऱ्या आवृत्तीत बघू. पुण्याची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. जागा मिळू द्या, मग काढा तुमचा काना."

"तो काना नाहीच. मात्रा आहे."

"अहो, पण तुम्ही एकदा काना म्हणालात ना? लोकांना पटलंय."

"लोकांना म्हणजे कुणाला?" मास्तरांनी विचारलं. रावसाहेबांना उत्तर द्यावं लागलं नाही, कारण चहा आला.

चहा पिऊन मास्तर उठले. "पुस्तक मी मागं घेतो," म्हणाले आणि जिना उतरले. रावसाहेब मला म्हणाले, "विद्वान आहे, पण व्यवहार नाही." व्यवहार या शब्दाचा अर्थ मी पत्रकांत बरेचदा समजावून सांगितला आहे, रावसाहेब तो पाच शब्दांत सांगत.

घरी काकूंना मास्तरांनी पुणं गेल्याचं सांगितलं. काकू म्हणाल्या, "चूक होती हे नक्की ना?"

"नक्की."

"पुरावा?"

मास्तरांनी पाटीवर 'माये' काढून दाखवलं. काकूंनी ते पाहिलं, पाटी पुसली आणि त्या घागर घेऊन चावडीच्या नळावर गेल्या. हे त्यांनी रागानं केलं की पाण्याची वेळ झाली म्हणून, ते मला कळलं नाही.

पुण्याची जागा ज्यांना मिळाली त्यांनी आजवर एकही रेघ चुकीची वाचलेली नाही, कारण एकही वाचलेली नाही. 'सकाळलोक'ची छापलेली पानं मंडळानं रद्दीत घातली, आणि पुढं कितीतरी दिवस आम्ही माळीवाड्याच्या कोपऱ्यावर मध्ययुगीन समाजातून भाजलेले शेंगदाणे खात होतो. मास्तरांनी दुरुस्ती स्वतःच्या अक्षरात लिहून मामलेदारांकडे दिली. मामलेदार म्हणाले, "आधीचं छापील होतं. हे हस्तलिखित आहे. छापील पुरावा वरचढ." ज्याला जन्मभर मूळ हस्तलिखितं शोधत हिंडावं लागलं, त्याला हे ऐकून काय वाटलं असेल!

आणि गावात बारवोबावर ताजा शेंदूर चढला. या खेपेला गाढवासकट.

मला वाटलं, संपलं. मास्तर आता सुपारी कातरत शहाजहानची मुलं मोजतील. पण दर रविवारी ते घरी नसतात असं काकूंकडून कळू लागलं. "जातात मोटारीनं. तिळाचं तेल आणि फडकं घेऊन," त्या म्हणाल्या. "घरातला आरसा कधी पुसला नाही."

एकदा त्यांना न कळवता मी शनिवारीच त्या गावच्या फाट्यापर्यंत गेलो आणि मिशनच्या शाळेच्या ओट्यावर पडून राहिलो. रविवारी उजाडताना बारवेवर पोचलो तर मास्तर माझ्याआधी हजर. रात्री तेही बहुधा तिथंच कुठंतरी पडले असावेत. दगडापुढं बसून ते तेलाच्या फडक्यानं शेंदूर पुसत होते. सगळा नव्हे, तीन अक्षरांपुरता. बाकी देव त्यांनी पाटलांना सोडून दिला होता. आठवडाभर पाटलांचा गडी शेंदूर लावायचा आणि रविवारी मास्तर खिडकी पाडायचे, आणि विचारील त्याला वाचून दाखवायचे. लाल गोळ्यात तेवढाच काळा दगड डोळ्यासारखा दिसत होता.

"पत्रक काढलंस का?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"काढतोय. मथळा ठरत नाही."

"शतक लिही."

तेवढ्यात महारवाड्याकडून बायका आल्या. सकाळी. पाच-सहाजणी, पुढं मार्थाबाई. ही मिशनमध्ये गेलेल्या घरातली, दोन पोरांची आई, तोंडानं फटकळ. बारवेच्या कडेला आबा पाटलांचा गडी काठी टेकून उभा होता. उजेड पुरता नव्हता. त्यानं हटकलं, "कोन हाय तिकडं? कोन येतंय या वक्ताला?"

मार्थाबाई थांबली नाही. घागर कडेवर सावरत म्हणाली, "सकळे."

"कोन?"

"सकळे हाय आमी. दगडाव लिवलंय. वाचता येत नसंल तर मास्तर बसल्याती, त्यास्नी इचार. मना केलंस तर तुज्या आयला काय लिवलंय त्ये बी सांगतीन ते."

बाकीच्या हसल्या. गड्यानं मास्तरांकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, गाढव शेंदराखाली कुठं आहे त्याचा अंदाज घेतला, आणि त्याची काठी हळूच दुसऱ्या हातात गेली. आईचा प्रश्न होता. बायका त्याच्यासमोरून पायऱ्या उतरू लागल्या. मामलेदाराच्या कचेरीतून तोवर काहीही आलेलं नव्हतं.

मला गहिवरून आलं. मी मास्तरांकडे पाहिलं. वाटलं, आता तरी या माणसाच्या डोळ्यात काही दिसेल. मास्तर उठून बारवेच्या काठाशी गेले होते आणि खाली वाकून हाक मारत होते.

"मार्थाबाई, सकळे नव्हे. सकळें. वर अनुस्वार निघालाय."

खालून पाण्यात घागर बुडाल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तिचा.

"ते टिंब तुमी द्या मास्तर. मला घागर भरू द्या."